किराणा घराचा, कार्ड तिचं

सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं काम केलं. त्यातली शेवटची बारा वर्षं कर्जखात्यावर काढली. ‘घरखर्चाची वही’ या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांतली तीन निवडली आहेत. पहिलं मोठं आहे आणि त्याचं उत्तरही लांबलंय. एका पत्राला इतकी जागा देऊ का, असं मी संपादकांना विचारलं, तर ते लगेच हो म्हणाले. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांची आहे, डोंबिवली पूर्वेला राहते. विनाअनुदानित शाळेत शिक्षिका आहे, हातात ३२,००० रुपये येतात. नवरा ऐरोलीत नोकरी करतो, त्याच्या हातात ६४,००० येतात. मुलगी पाच वर्षांची आहे. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं की घरखर्च निम्मा-निम्मा करायचा. कुणाचं कुणावर ओझं नको, असं मीच म्हटलं होतं. तेव्हा खर्च थोडा होता. आता भाडं १७,०००, किराणा ९,५००, दूध २,७००, भाजी-फळं ४,५००, वीज १,९००, घरकामाच्या मावशी २,८००, पाळणाघर ५,०००, गॅस-मोबाइल-वायफाय २,१०० आणि दोघांचं येणं-जाणं २,५०० असे महिन्याला ४८,००० लागतात. माझे २४,००० मी एक तारखेला देते. उरलेल्या आठ हजारांतून ३,००० गावी आईला पाठवते. वीस तारखेनंतर हातात काही नसतं, मग काही लागलं की कार्ड पुढे करते.

आता कार्डावर १,८६,००० रुपये बाकी आहेत. दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम भरते, एकदाही चुकवलं नाही. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. त्याने गाडीसाठी दीड लाखाची एफडी केली आहे. तो जपून खर्च करणारा आहे, त्याला मी काय तोंडाने सांगू? मी उधळी नाही हो ताई. सहा महिन्यांची स्टेटमेंटं सोबत जोडली आहेत. एवढं व्याज कायद्यात तरी बसतं का?

उत्तर : तुमचं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी चहा झाल्यावर स्टेटमेंटांचे कागद घेऊन बसले. बँकेत होते तेव्हाची सवय आहे, दोन रंगांच्या पेन्सिली घेते. घराचा खर्च दिसला की निळी खूण, स्वतःचा दिसला की लाल. पहिल्या पानावर नऊ ओळी होत्या. किराणा २,३५०. महावितरणचं बिल २,१४०. मुलीच्या खोकल्याची औषधं ६८०. पुन्हा किराणा १,१२०. शाळेची सहामाही फी ९,०००. सहाव्या ओळीवर पहिली लाल खूण झाली, चपला ७९९.

सहाही महिने असे चाळून बेरीज केली. सहा महिन्यांत कार्डावर नवा खर्च झाला ६१,४०० रुपये. त्यातले ३८,२०० निखळ घराचे. ९,८०० सासर-माहेरच्या कार्यांतले आहेर आणि साड्या. तुमच्या स्वतःच्या वस्तूंचे १३,४००, त्यात चष्मासुद्धा आला. म्हणजे शंभरातले बासष्ट रुपये घराचे आणि बावीस तुमचे. तुम्ही उधळ्या नाही, हे मी मनाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. हे कागदावर आहे, आणि हाच कागद तुम्हाला नवऱ्यापुढे ठेवायचाय.

आता दुसरी बेरीज. ही वाचताना थोडं धीराने घ्या. सहा महिन्यांपूर्वी बाकी १,३५,००० होती. मधल्या काळात तुम्ही ५०,००० रुपये भरलेत, एकही तारीख न चुकवता. आणि बाकी आज १,८६,००० आहे. ६१,४०० नवा खर्च, आणि व्याज व त्यावरचा जीएसटी मिळून ३९,६००. तुम्ही भरलेल्या दर शंभरातले जवळजवळ ऐंशी रुपये व्याजात गेले.

हे होतं कसं, ते एकदा नीट समजून घ्या, कारण बँकेचे लोक फोनवर ते इतक्या सरळ सांगत नाहीत. तुमच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. ऐकायला साडेतीनच, पण वर्षाचे झाले ४२ टक्के. १,८६,००० वर महिन्याचं व्याज ६,५१० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,१७२ रुपये. एकूण ७,६८२. ताज्या बिलावर मिनिमम आहे ९,३००. त्यातून ७,६८२ गेले की मुद्दलात जमा होतात फक्त १,६१८ रुपये. आणि त्याच महिन्यात तुम्ही कार्डावर आठ-दहा हजारांचं सामान आणता.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. कार्डावर घेतलं की पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, असं आपण धरून चालतो. ती सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच असते. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. तुमच्या त्या २,३५० रुपयांच्या किराण्यावर महिनाभरात साधारण ९७ रुपये व्याज आणि जीएसटी चढला. तूरडाळ स्वस्त मिळावी म्हणून ज्या दुकानात तुम्ही रांगेत उभ्या राहता, तिथे वाचलेले पैसे असे बाहेर जातात. मागच्या वर्षीच्या मार्चचं पानही तुम्ही जोडलंय, आईच्या मोतीबिंदूच्या वेळचं. कार्डाने एटीएममधून २०,००० काढले होतेत. त्याच्याच खाली ५०० रुपयांची आणि ९० रुपयांची ओळ आहे. ५०० रोख काढण्याचा आकार, ९० त्यावरचा जीएसटी. रोख रकमेला बिनव्याजी दिवस मुळीच नसतात, व्याज त्याच दिवशी सुरू होतं.

कायद्याचं विचारलंत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे ४२ टक्के आज कायद्यात बसतात. मला हे पटत नाही, पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. ते कार्ड नव्हे, ती निम्म्या-निम्म्याची वाटणी आहे.

तुम्ही दोघांनी स्वच्छ मनाने ठरवलं, त्यात कुणाची लबाडी नाही. पण बत्तीस हजारांतले चोवीस आणि चौसष्ट हजारांतले चोवीस हे सारखे चोवीस नव्हेत. तुमच्या पगारातले पंचाहत्तर टक्के घरात जातात, त्यांचे साडेसदतीस. तुमचे पगार एकास दोन आहेत. त्या प्रमाणात वाटणी केली तर तुमचे १६,००० होतात आणि त्यांचे ३२,०००. तुम्ही महिन्याला ८,००० जास्त देत आहात. वर्षाचे ९६,०००. दोन वर्षांचे १,९२,०००. तुमच्या कार्डावरची बाकी आहे १,८६,०००. हे दोन आकडे इतके जवळ येणं योगायोग असेल, पण मी ते दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

ती एफडीही याच वाटणीतून उभी राहिली आहे. त्यांच्याकडे दरमहा चाळीस हजार उरत होते म्हणून ते जमवू शकले. तुमच्याकडे आठ उरत होते म्हणून तुम्ही कर्ज काढलंत. जपून खर्च करणारा आणि उधळणारी असा फरक तुमच्यात मला कागदावर कुठे सापडला नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, एफडी मोडा. सात टक्के धरले तर दीड लाखावर वर्षाला साडेदहा हजार, म्हणजे महिन्याला ८७५ रुपये मिळतात. तेवढ्याच दीड लाखाच्या कार्डकर्जावर महिन्याला ६,१९५ जातात. एकाच घरात हे दोन्ही चालू आहे. मुदतीआधी मोडली म्हणून बँक अर्धा-एक टक्का व्याज कमी देईल, ते सोसा. एफडी मोडायला त्यांचा जीव होत नसेल तर तिच्यावर कर्ज मिळतं, साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. तेही चालेल.

दीड लाख भरल्यावर ३६,००० उरतात. ते तुम्ही भरा, आणि एकटीने भरा. लाल खुणांचा हिशेब सगळ्या बाकीला लावला तर तुमचा स्वतःचा वाटा चाळीस हजारांच्या आसपास येतो, म्हणून हे मला न्याय्य वाटतं. दरमहा ९,००० भरलेत आणि कार्डावर नवं काही घेतलं नाहीत तर पाचव्या महिन्यात ४,२०० रुपयांचं शेवटचं बिल येईल. त्यानंतरही पुढच्या एक-दोन बिलांत थोडं व्याज दिसू शकतं, बिलाची तारीख आणि भरल्याची तारीख यांमधल्या दिवसांचं. ते बघून भरून टाका. पूर्ण फिटलं म्हणून तिकडे बघणं सोडलं, आणि दोनशे रुपयांच्या थकबाकीवर उशिराचा आकार चढत गेला, अशी माणसं मी पाहिली आहेत.

पाच महिने कार्ड वापरायचं नाही हे मनाशी ठरवून भागत नाही, त्याची वाट बंद करावी लागते. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि दुकानातले व्यवहार बंद करण्याची सोय असते, ती वापरा. किराण्याच्या आणि कपड्यांच्या अॅपवर जतन केलेलं कार्ड काढून टाका. वायफायचे किंवा सिनेमाच्या अॅपचे पैसे आपोआप कापले जात असतील तर आधी ते दुसऱ्या खात्याला जोडा, नाहीतर ते अडतील. कार्ड नवऱ्याच्या हातात मात्र देऊ नका. बऱ्याच बायका पश्चात्तापाने तसं करतात आणि मग चपलांसाठीसुद्धा परवानगी मागत बसतात. कार्ड तुमचं आहे, ते बंद-चालू तुम्हीच करा.

आता घराचे पैसे. दोघांच्या नावाचं एक वेगळं खातं काढा, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येतील असं, आणि त्याचं डेबिट कार्ड दोघांकडे ठेवा. पगार झाला की तुमचे आणि त्यांचे पैसे त्यात पडतील, आणि भाड्यापासून दुधापर्यंत सगळं तिथूनच जाईल. पण ४८,००० वर थांबू नका. तुमच्या यादीत एक मोठी जागा रिकामी आहे. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च त्यात नाहीत. स्टेटमेंटांवरून आणि तुमच्या पत्रावरून मी अंदाज केला : शाळेची फी १८,०००, विम्याचा हप्ता १४,०००, गणपतीत गावी जाणं ९,०००, दिवाळी १३,०००. झाले ५४,०००. बाराने भागले तर महिन्याला ४,५००. गणपती दरवर्षी भाद्रपदात येतात, तरी दरवर्षी कार्डावर येतात, कारण त्यांच्यासाठी कुणी बाजूला काढलेलं नसतं. या साडेचार हजारांतले १,५०० तुमचे, ३,००० त्यांचे. म्हणजे घरखात्यात तुम्ही १७,५०० टाकायचे आणि त्यांनी ३५,०००.

तुमच्याकडे उरतील १४,५००. कार्डाचे ९,००० गेले की साडेपाच. आईचे ३,००० त्यातून पाठवा. ते कापू नका. कर्ज फेडायला निघालेली बाई पहिल्यांदा माहेरचे पैसे बंद करते, हे मी फार वेळा पाहिलंय, आणि ते पैसे पुन्हा सुरू होत नाहीत. तुमच्या हातात अडीच हजार राहतील. पाच महिने ओढाताण होईल. सहाव्या महिन्यापासून त्या नऊ हजारांतले तीन हजार गाडीच्या पैशांत टाकत जा, जितके महिने दोघांना योग्य वाटेल तितके. ती गाडी मग दोघांची होईल.

सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न आहे हे मला कळलंय. त्याआधी पैशांचं बोलले, कारण आकडे हातात असले की जीभ कमी अडखळते.

१९९४ साली माझ्या भावाच्या आजारपणात मी एका पतसंस्थेतून आठ हजारांचं कर्ज काढलं होतं. तेव्हा आठ हजार फार होते. घरी सांगितलं नाही. यांच्या घरचे म्हणतील, माहेरी पैसे पुरवते, ही भीती. अकरा महिने हप्ता भरला, बाराव्या महिन्यात चुकला. पतसंस्थेने पोस्टकार्ड पाठवलं. उघडं पोस्टकार्ड, पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना वाचता येईल असं. ते यांच्या हाती लागलं. संध्याकाळी मी बँकेतून आले तेव्हा ते टेबलावर पालथं ठेवलेलं होतं, पत्त्याची बाजू वर. हे ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अकरा महिने तू एकटीच मोजत होतीस?” मला आजही ते वाक्य आठवलं की रडू येतं. त्यांना कर्जाचं दुःख नव्हतं, आपल्याला बाहेर ठेवलं याचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली, आणि आमची ती पहिली घरखर्चाची वही. या सदराचं नाव तिथून आलंय.

म्हणून सांगते, कुणाच्या तरी फोनवरून किंवा बँकेच्या पत्रावरून त्यांना कळू देऊ नका. तुम्ही सांगा. रात्री झोपताना नको, मुलगी जागी असताना नको, सासरचे कुणी आलेले असताना तर नकोच. रविवारी पोहे झाल्यावर मुलीला शेजारी खेळायला पाठवा आणि स्टेटमेंटं टेबलावर ठेवा, निळ्या-लाल खुणांसकट. मी केलेल्या खुणांचे कागद तुम्हाला परत पाठवतेय, पण तुम्ही स्वतः एकदा पुन्हा करा, म्हणजे ‘हे काय?’ असं त्यांनी विचारलं तर उत्तर तुमच्याच तोंडून येईल. सुरुवात आकड्याने करा. “माझ्या कार्डावर एक लाख शहाऐंशी हजार बाकी आहे. मी तुला सांगितलं नाही, ते चुकलं माझं.” एवढं बोलून थांबा. लपवल्याची माफी जरूर मागा. किराणा आणल्याची मागू नका.

ते चिडतील. चिडू द्या, त्यांचा तो हक्क आहे, त्यांनाही धक्का बसणार. एफडीचं त्याच दिवशी काढू नका. आठवडा जाऊ द्या. मग सोळा आणि बत्तीसचं गणित पुढे ठेवा. निम्मं-निम्मं तुम्हीच मागितलं होतं, तेव्हा ते बदलायचंही तुम्हीच म्हटलंत तर त्यात कमीपणा काही नाही.

आणि ते एफडीला नाहीच म्हणाले तर? तर दोन वाटा आहेत. बँकेला सांगून सगळी बाकी हप्त्यांत बदलून घ्या. १६ टक्के दराने २४ महिन्यांना हप्ता साधारण ९,१०० येतो, वर व्याजावरचा जीएसटी आणि सुरुवातीचा आकार. आज मिनिमम म्हणून भरता त्याच्या आसपासच, पण हे दोन वर्षांत संपतं. दुसरी वाट सोनं. बँकेचं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मात्र तुमच्या अंगावरचं सोनं हे स्त्रीधन आहे, त्यावर तुमचा एकटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितलंय. गाडीची एफडी तशीच राहावी म्हणून पाटल्या गहाण टाकायला कुणी सुचवलं तर नाही म्हणा. घराच्या किराण्याचं कर्ज आहे, आधी घरातली शिल्लक वापरू दे.

प्रश्न : काकू, मी २६ वर्षांची, पुण्यात वाकडला मित्रासोबत राहते. लग्न झालेलं नाही. भाडं, वीज, इंटरनेट सगळं तो त्याच्या क्रेडिट कार्डावरून भरतो, पॉइंट मिळतात म्हणून. मी माझे निम्मे त्याला त्याच दिवशी यूपीआयने देते, दरमहा साधारण १४,०००. परवा त्याच्या फोनवर बिल दिसलं. तो फक्त मिनिमम भरतोय, आणि बाकी ९२,००० झालीये. म्हणतो, आपण दोघं मिळून फेडू. मी द्यायला हवेत का?

उत्तर : तू तुझा वाटा दिलेला आहेस, दर महिन्याला, आणि त्याचा पुरावा तुझ्या बँक खात्यात आहे. तू दिलेले चौदा हजार कार्डाच्या बिलात जायला हवे होते, ते दुसरीकडे खर्च झाले. त्याच बिलासाठी दुसऱ्यांदा पैसे देऊ नकोस. कार्ड त्याच्या नावावर आहे, बँकेच्या लेखी देणेकरी तो एकटा.

या महिन्यापासून निम्मे पैसे त्याच्या हातात देणं बंद कर. बिलंच वाटून घ्या. इंटरनेट, वीज आणि भाड्यातला काही भाग तू थेट तुझ्या खात्यातून भर, घरमालकाला सांगून. पॉइंटांचं बोलायचं तर शंभर रुपयांमागे त्यातून फार तर एखाद-दोन रुपये सुटतात, आणि बाकी ठेवली की महिन्याला साडेतीनच्या आसपास जातात. मिनिमम भरणाऱ्याला पॉइंट परवडत नाहीत.

त्याला मदत करावीशी वाटली तर कर, तो तुझ्या मनाचा प्रश्न आहे. रक्कम ठरव, एकदाच दे आणि ती उसनी की कायमची हे दोघांत लिहून ठेवा. त्याच्या कर्जाला सहअर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करू नकोस. कर्जखात्यावर बारा वर्षं होते, जामीनदाराला नोटीस मिळते तेव्हाचा चेहरा मला चांगला माहीत आहे.

आणि हे सगळं त्याच्याशी बोलताना त्याचा सूर कसा लागतो, तो बिल स्वतःहून दाखवतो की नाही, याकडे लक्ष दे.

प्रश्न : आम्ही नवरा-बायकोने मिळून माझ्या कार्डाचं सगळं देणं फेडलं. आता कार्ड बंद करायचंय. फोन केला की बँकेचे लोक वार्षिक फी माफ करतो, मर्यादा वाढवून देतो म्हणतात, बंद काही करत नाहीत. दोन महिने झाले. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अभिनंदन, आधी तुमच्या दोघांचं. फोनवर बोलणं आता थांबवा आणि लेखी मागणी करा, ईमेलने किंवा बँकेच्या अॅपमधून, म्हणजे तारीख राहील. रिझर्व्ह बँकेने कार्डांबद्दलचे हे नियम १ जुलै २०२२ पासून लागू केले. त्यांनुसार काहीही बाकी नसेल तर बंद करण्याची मागणी सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत. अर्ज टपालानेच पाठवा, अशी अडवणूकही करता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही, तेव्हा त्या ‘ऑफर’ला फोनवर हो म्हणू नका. बँकेने दाद दिली नाही तर तक्रार लेखी द्या, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

पॉइंट शिल्लक असतील तर आधी वापरून घ्या, कार्डासोबत ते जातात. बंद झाल्याचं पत्र आलं की महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल काढून खातं ‘बंद’ दिसतंय ना ते बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. ‘सेटल्ड’ असा शेरा दिसला तर लगेच हरकत घ्या. तुम्ही पै न् पै फेडली आहे, तो शेरा सूट घेऊन मिटवलेल्या कर्जाला लावतात. आणि कार्ड कापाल तेव्हा चिपवरूनही कात्री फिरवा.